एन्ट्री कधी, अन्ना?

मला तेलुगू लोकांचा राग येतो. खरं लिहायचं तर जळतो मी त्यांच्यावर. त्यांच्या हीरोचा सिनेमा लागला की शारजात थिएटरबाहेर सकाळपासून जत्रा. अंगात हीरोच्या फोटोचे टी-शर्ट, हातात उधळायला कागदाच्या कपट्यांच्या पिशव्या. आमचा मराठी सिनेमा लागतो कधीमधी, तोही एकच शो, आणि त्याला माणसं गोळा करताना माझा घसा बसतो.

या वेळी थिएटरचा मॅनेजर वासिफ यानं तोंडावरच सांगितलं, "दगडू भाई, चालीस आदमी लाओ. नहीं तो ये शो खलास, और आगे से मराठी फिल्म भी खलास."

मी आमच्या अल नहदा भागातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. धडाधड अंगठे आले. 'नक्की!' 'अभिमान वाटतो!' तिकीट मात्र कुणी काढेना. जो तो एकच विचारी, कोण कोण येतंय? मग कळलं, शो होता त्याच रविवारी दुपारी दुबईत भारताची मॅच आहे. ग्रुपचा अ‍ॅडमिन अंकुर गणपतीत मराठी अस्मितेवर भाषण ठोकतो. त्याला फोन लावला.

"अरे दगडूशेठ, मॅच आहे ना! सिनेमा काय, येईल ओटीटीवर."

"मॅच पण टीव्हीवर येते की."

"तुला क्रिकेटमधलं कळत नाही."

मला कळत नाही! कंपनीच्या टीमचा ओपनर आहे मी. तरी त्या मॅचवर मी पाणी सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसी दुरुस्तीच्या व्हॅनमध्ये मी शिव्या घालत बसलो होतो. गाडी विजयकुमार चालवत होता. हा नेल्लोरचा. मला अन्ना म्हणतो, म्हणजे मोठा भाऊ.

"अन्ना, हमारे लडके आएंगे ना."

"और मॅच?"

"मॅच तो आती रहती है. तुम्हारा शो गया तो?"

मी आणखीनच जळलो. हीरो यांचा, गर्दी यांची, आता मनही यांचंच मोठं!

रविवारी आमची डझनभर टाळकी आली. विजयकुमारनं तीन रांगा भरल्या. वासिफनं डोकी मोजून शो लावला.

थोड्या वेळानं मागून कुजबुज आली. "अन्ना, हीरो का एन्ट्री कब है?"

आता काय सांगू? आमचा हीरो पहिल्यापासून पडद्यावरच होता. बनियनवर, गॅलरीत, दात घासत.

"वही तो है," मी म्हणालो.

मग हीरोनं चूळ भरली आणि तीन रांगा उठून उभ्या राहिल्या! शिट्ट्या, आरोळ्या, कागदाचा पाऊस. चूळ भरण्याला एवढा मान जगात कुणाला मिळाला नसेल.

पुढच्या रांगेतल्या समिधाताई वळून कडाडल्या, "शांत बसा हो! हा आशयघन सिनेमा आहे."

"ताई, मिस्टर कुठायत?" मी विचारलं.

"मॅचला गेलेत."

"मग तुम्हीच शांत बसा."

मी तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला गेलो. नुसती थुंकी उडाली. आयुष्यात सवयच नाही. शेवटी हीरोनं त्याच्या साहेबाला एकच वाक्य सुनावलं, तेव्हा पोरं खालच्या इंग्रजी ओळी वाचून अशी ओरडली की माझ्या अंगावर काटा आला. माझ्या भाषेतल्या माणसासाठी कुणी तरी ओरडत होतं, आणि ते आमचं कुणी नव्हतं.

शो सुटल्यावर मी खुर्च्यांखालचे कपटे वेचत होतो. वासिफ खुशीत आला. "अगली मराठी फिल्म भी लगाएंगे, इन्शाल्ला."

माझी छाती फुगली.

"बस, उस विजयकुमार का नंबर दे दो."

"मेरा है ना आपके पास. फिल्म मराठी है, वासिफभाई."

"हबीबी, आदमी तो वो लाया."

नंबर सांगताना शेवटचा आकडा चुकवावा असं फार वाटलं. पण मग पुढचा सिनेमा गेला असता. बरोबर सांगितला. वासिफनं तिथंच लावून पाहिला. दाराबाहेरच्या घोळक्यात विजयकुमारच्या खिशात त्याच्या हीरोचं गाणं वाजायला लागलं, आणि पोरं लगेच नाचायला लागली.