माईंच्या चिमट्यांची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे, कपडे वाळत घालायची. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत माझा सगळा संसार. मला सुतापासून वळलं, चांगली तीन पदरी. तरुणपणी मी ओल्या सतरंज्याही हूं की चूं न करता पेलल्या. "अशी दोरी आता मिळत नाही," असं घरच्या माई कौतुकाने म्हणायच्या. पुढे घरात कपडे वाळवायचं यंत्र आलं आणि माझ्या वाट्याला एक पायपुसणं उरलं.

मग माईंच्या लेकाने परदेशी मुलीशी लग्न केलं. फोनवर सून बोलायची, माई नुसत्या हसायच्या आणि मध्ये लेक दुभाषा.

"माझ्या सुनेशी मी लेकाच्या तोंडाने किती दिवस बोलायचं?" म्हणत माईंनी इंग्रजी शिकायला घेतलं.

माईंची हयात शिवणकामात गेलेली. वहीत मान घालून बसणं त्यांना जमेना. त्यांनी कागदाचे कपटे कापले, एकेकावर एकेक शब्द लिहिला आणि चिमट्यांनी माझ्यावर टांगला. करणाऱ्याला लाल चिमटा. क्रियेला निळा. आपल्याकडे क्रिया बिचारी सगळ्यांच्या शेवटी येते, इथे तिला करणाऱ्याच्या लगेच शेजारी बसवायची. क्रियेच्या शेपटाला लागणारे 'अप', 'डाउन', 'आफ्टर' असले चिमुकले शब्द पिवळ्या चिमट्यात. हे पिवळे भारी खट्याळ. 'लुक' म्हणजे बघणं, पण मागे 'आफ्टर' लागलं की त्याचंच सांभाळणं होतं. माई रोज ओळ लावायच्या, मोठ्याने म्हणायच्या, चुकल्या की पुन्हा लावायच्या. मला पुन्हा काम मिळालं होतं, मी खूश होते.

"या वयात कशाला डोक्याला ताप?" माईंचे यजमान अण्णा चिडवायचे. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

सुताच्या दोरीसमोर सुंभाचं नाव काढलेलं मला आवडलं नाही, पण पिळाचं म्हणणं खरं होतं.

लेक आणि सून तान्ह्या मुलीला घेऊन यायचे होते, त्या दिवशी अण्णांनी घर आवरलं. पाहुण्यांसमोर हा पसारा कशाला, म्हणून कपटे ओढून काढले आणि फेकून दिले. चिमटे होते तिथेच राहिले.

सून आली आणि माईंची दातखीळ बसली. दुपारी अण्णा आणि लेक सामान आणायला बाहेर पडले. बाळ रडून लालबुंद झालं, प्रवासाने शिणलेली सूनही रडायला लागली. माई धावत गॅलरीत आल्या. माझ्यावर एकही शब्द नव्हता.

माईंनी चिमट्यांकडे बघितलं. लाल, निळा, पिवळा. त्यांचे ओठ हलले. आत जाऊन त्यांनी हात पुढे केले.

"आय लुक आफ्टर बेबी," माई म्हणाल्या. "यू लाय डाउन."

सुनेने त्यांच्याकडे बघितलं, बाळ त्यांच्या हातात दिलं आणि तिथेच कोचावर आडवी झाली. थोड्या वेळाने मायलेकी दोघी गाढ झोपल्या. माई बाळाला मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या, डोळे भरून आलेल्या. मला डोळे असते तर माझेही भरले असते.

तर मित्रांनो, घर जरूर आवरा, पण कुणाचं अर्धवट शिकणं पसारा समजून फेकू नका. आणि जुन्या दोरीवरून अधूनमधून फडकं फिरवा, खिळे घट्ट आहेत ना ते बघा. माझ्यावर सध्या भार वाढलाय. अर्ध्या भागात नातीचे लंगोट वाळतात आणि अर्ध्या भागात नवे कपटे. अक्षर अण्णांचं आहे.