एकेक वायर वेगळी

"ही तिसरी," म्हणत टॉवेल कारखानदार सिद्धाप्पानं जळकी मोटर कासीमच्या दुकानाच्या पायरीवर आदळली. "महिन्यात तिसरी बे. हात गेला तुझा."

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं चहा पिता पिता थांबली. जळक्या मोटरींत नवी तार भरून पोट भरणाऱ्या माणसाला याहून मोठी शिवी नाही, आणि भवानी पेठेत ती दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यांत पोचते. मोटर जळली की इथं दोघांनाच शिव्या बसतात, लाइटवाल्यांना आणि तार भरणाऱ्या वायंडरला. लाइटवाले समोर नसतात.

कासीमनं झाकण काढलं. विजेच्या तीन वायरींपैकी, म्हणजे फेजपैकी, दोघींच्या कॉइली कोळसा झालेल्या, तिसरी नव्यासारखी लाल.

"एक फेज जातीय तुझ्याकडं, आप्पा. उरलेल्या दोघींवर सगळं ओझं पडतंय."

"तू असंच म्हणणार की. भाजी करपली की आचारी शेगडीलाच शिव्या देतो."

"नवी भरतो. बसवायला मीच येतो, मोजायचं यंत्र घेऊन. चूक माझी निघाली तर दुकानाची ही पाटी माझ्या हातानं उतरवतो."

आवाज पक्का होता. पण एक गोष्ट त्याच्या बायकोशिवाय, मदिनाबीशिवाय, कुणाला ठाऊक नव्हती. चाळीस वर्षं कासीम मोटरीवर तळहात ठेवून सांगायचा, किती तापलीय, किती ओढतेय. साखरेच्या आजारानं दोन वर्षांत तो हात बधिर केला होता. भरताना तारेवर ओरखडा पडला तर आता बोटाला कळत नव्हतं. तो ओरखडा पडलेला नाही, हे तो छातीठोक सांगत होता. खात्री मात्र कॉइली पाहून झाली होती, हातानं नव्हे.

म्हणूनच त्यानं यंत्र केलं होतं. सातवी शिकलेल्या माणसानं, मोबाइलवरचे व्हिडिओ थांबवून थांबवून. वायरीभोवती बसणारी तीन कडी, ज्यांना सीटी म्हणतात, एक बोर्ड आणि आकडे दाखवणारी काचेची पट्टी. वायरीतली वीज कड्यात शिरत नाही, तिची नुसती सावली पडते, तीही हजारो पटींनी लहान. ती सावली बोर्ड मोजतो. पण वीज शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते, आणि बोर्डाला शून्याखालचं दिसत नाही. हे न कळल्यामुळं तीन आठवडे आकडे चुकत होते. मग सगळी लाट थोडी वर उचलायची, हे त्याला एका पहाटे नमाजाहून परतताना सुचलं. आकडा बरोबर आहे का, हे त्यानं मदिनाबीची इस्त्री लावून, तिच्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं.

"कपडे मेरे जले तो तुमारे यंत्र कू चुल्हे में डालूंगी," ती म्हणाली होती.

मंगळवारी सकाळी सिद्धाप्पाच्या कारखान्यात टॉवेलचे माग खडखडत होते. माग दुरुस्त करणारा जॉबर ज्ञानू मदतीला आला. नवी मोटर बसली, चालू झाली. ज्ञानूनं हौसेनं एक कडं उचललं आणि सगळ्या केबलभोवतीच बसवलं.

पट्टीवर शून्य.

"माग पळतोय आणि तुझं यंत्र झोपलंय," सिद्धाप्पा हसला. "पाटी उतरवायला शिडी आणू का बे?"

"तिन्ही वायरींना एकत्र धरलं की एकमेकीला खाऊन टाकतात," कासीम म्हणाला. "कारखान्यातल्यागत. सगळ्यांना एकदम विचारलं तर कुणी काय केलेलंच नसतं. एकेकाला बाजूला घ्यावं लागतं."

त्यानं माग बंद करवला, केबलचं वरचं कातडं उसवलं, एकेका वायरीला एकेक कडं घातलं. माग पुन्हा चालू झाला आणि पट्टीवर तीन आकडे आले. एक पूर्णांक चार, एक पूर्णांक चार, एक पूर्णांक पाच अँपिअर.

तास गेला. दुसरा गेला. सिद्धाप्पा दोनदा येऊन जांभई देऊन गेला. तिसऱ्या खेपेला तो उभा असतानाच मधला आकडा शून्य झाला. बाकीचे दोन्ही अडीचवर चढले.

"बघ," कासीम म्हणाला.

"पण माग तर चालतोय की."

"चालणारच. जळेस्तोवर चालणार. वास आला की मी बंद करणार, माझी मोटर हाय ती."

सात-आठ मिनिटांनी वार्निशचा वास आला. कासीमनं मेन खाली ओढला आणि ज्ञानूनं स्टार्टर उघडला. वीज जोडणारा मधला कॉन्टॅक्ट काळा पडून झिजला होता. खाली ओव्हरलोडचा काटा, ओझं वाढलं की जो मोटर बंद करतो, पार शेवटच्या खुणेवर फिरवलेला.

"हे कुणी केलं?"

ज्ञानू मालकाकडं बघायला लागला.

"सारखं बंद पडायचं बे," सिद्धाप्पा पुटपुटला. "माल कसा निघणार?" मग म्हणाला, "कासीमभाई, ही वाचली का बघ की. हात लावून."

चाळीस वर्षं हाच शब्द. कासीमनं तळहात मोटरीवर ठेवला. सगळे वाट बघत होते. खोटं बोलणं अगदी सोपं होतं.

"मला कळत न्हाय," तो म्हणाला. "ज्ञानू, तू लाव."

ज्ञानूनं हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. "चाचा, चटका बसतोय की."

कासीमचा तळहात अजून तिथंच होता. ज्ञानूनं मनगट धरून तो उचलला. तळहात लाल झाला होता.

"हात मेलाय माझा, आप्पा. दोन वर्षं झाली," कासीम म्हणाला. "पण तुझ्या मोटरी माझ्या हातानं मेल्या न्हाईत."

सिद्धाप्पा वळला. माठाजवळ गेला, तांब्या भरून आणला आणि स्वतः वाकून कासीमच्या तळहातावर धार धरली.

कासीम पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिला.

"गार हाय का रे?" त्यानं ज्ञानूला विचारलं.

"व्हय चाचा. लई गार."

"मग बरं वाटत असंल," कासीम म्हणाला.