दसऱ्याला धुतलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. त्याआधी मी कुंभिवलीतल्या एका गोठ्याचं दार होतो. म्हशीच्या शिंगांचे ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत. १९७३ साली चांगोबांनी मला रंधा मारला, बॅटरीच्या जुन्या सेलांची काळी भुकटी चोळली आणि लेकीसाठी पडवीत टांगलं. त्यांची लेक जना खोपोलीला नर्स होती. तिला हॉलंडच्या इस्पितळात नोकरी हवी होती, पण त्यासाठी मुंबईच्या मुलाखतीत डच बोलावं लागणार होतं.

साजगावच्या कारखान्यात आलेल्या डच इंजिनियरची बायको, योहानाबाई, दर रविवारी शिकवायला यायची. तिनं माझ्यावर भूतकाळाचे दोन रकाने आखले. धातूच्या शेवटी क, प, स, त, फ, ख असा आवाज आला की पुढे ‘ते’, एरवी ‘दे’. ‘वेर्क’ म्हणजे काम करणं, म्हणून ‘इक वेर्कते’, मी काम केलं. ‘माय’ म्हणजे कापणं, म्हणून ‘इक मायदे’, मी कापलं. काही हट्टी क्रियापदं मात्र रूपच पालटतात. ‘इक खिंग’, मी गेले. त्यांना तिनं खाली कोपऱ्यात बसवलं. एवढी विद्या अंगावर घेऊन मी जरा फुगलोच होतो!

पावसाळा सरताना बाई माघारी गेली. जनाची मुलाखत दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी होती. दसऱ्याच्या सकाळी तिच्या आईनं, धोंडूबाईनं, भक्तिभावानं मला धुतलं, माझ्यावर सरस्वती काढली आणि कोयत्याशेजारी पूजेला मांडलं. जनाचं पुस्तकही तिथंच होतं.

“आये, काय केलंस गं! सगळं पुसलंस! पुस्तक तरी दे.”

“आज पुस्तकाला हात लावायचा नाय. पूजेत हाय.”

जना रडायलाच लागली. मलाही फार वाईट वाटलं. धोंडूबाई घाबरली, मग तिच्याजवळ बसली.

“फळा पुसला गं मी, तुझं डोकं नाय पुसलं. मी काल काय केलं, ते सांग बघू त्यांच्या भाषेत. मी भात कापलं.”

जना नाक पुसत म्हणाली, “मुदर मायदे.” मुदर म्हणजे आई.

“सैपाक केला.”

“मुदर कोक्ते.”

“खालापूरला गेली.”

जना अडली. तिनं माझ्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि एकदम ओरडली, “मुदर खिंग!”

तोरण बांधताना, खोबरं किसताना, दिवसभर दोघींचं हेच चाललं होतं.

मुलाखतीहून जना धावतच घरी आली.

“आये, काल काय केलंत, असंच इचारलं त्यांनी! मी तुझाच दिवस सांगितला. नोकरी मिळाली गं!”

“माझा? तिथं?” म्हणत धोंडूबाई पदरानं डोळे पुसू लागली.

जना गेल्यावर मी माळ्यावर पडलो. वाळवीनं माझा एक कोपरा खाल्ला. वाटलं, संपलं आपलं. पण जना रजेवर आली तेव्हा तिनं मला उतरवलं आणि आळीतल्या पोरींना शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी तिनं लिहिलं, ‘मुदर वाख्ते.’

“काय लिवलंस गं?” धोंडूबाईनं विचारलं.

“आयनं वाट बघितली.”

म्हातारीनं त्या अक्षरांखालून हळूच बोट फिरवलं. आता रोज संध्याकाळी ती ओलं फडकं घेऊन येते आणि आधी पोरींना विचारते, “झालं का गं पाठ? मग पुसू?”

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या माझ्या भावंडांना खुशाल पुसा, स्वच्छ ठेवा. फक्त आधी तेवढं विचारत जा.