चौदा पायऱ्यांची शिडी

अकरावी पायरी जागेवर बसत होती, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

केसापेक्षा जेमतेम जाड अशी पितळेची तार दोन उभ्या तारांमध्ये आडवी धरायची आणि तिला डाख द्यायचा, म्हणजे वितळलेल्या कथलानं ती सांधायची, तर श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. घंटेनं वहिनींचा श्वास सुटला आणि पायरी तिरकी झाली.

"आला मेला कोणीतरी," म्हणत त्यांनी चिमटा खाली टाकला.

पुढचं सगळं पाठ होतं. आधी कपाळावरचं भिंग काढायचं. मग खुर्चीवरची उशी उचलून पलंगावर भिरकावायची. वहिनी बुटक्या, त्यांना उशीशिवाय टेबल पुरत नसे. पण सहा फुटी माणसाला उशी कशाला, असं उद्या कोणी विचारलं तर? मग गरम सोल्डरिंग आयर्न टेबलाच्या डाव्या बाजूनं उचलून उजव्या बाजूला ठेवायचं, कारण वहिनी डावऱ्या. मग खिडकीशी बसलेल्या नवऱ्याला दंडाला धरून आणायचं, खुर्चीत बसवायचं, भिंग त्यांच्या कपाळावर चढवायचं.

"हात टेबलाखाली," वहिनी म्हणाल्या.

"माहितेय गं."

"माहितेय तर लपवा."

आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायचं. घंटा दुसऱ्यांदा वाजायच्या आत हे सगळं व्हायला हवं. तीन वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

या घरात रेल्वेचे सिग्नल बनत. खरे नव्हेत, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. ज्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर, माळ्यावर, पलंगाखाली रूळ टाकलेले असतात आणि वीतभर लांबीच्या गाड्या धावतात, अशी हौशी मंडळी ते दूरदूरहून मागवत. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा, आत कापूस, कापसावर सिग्नलचा खांब, आणि दिवेवाल्यानं वर चढावं म्हणून खांबाला चौदा पायऱ्यांची शिडी. तिच्यावर कोणीही चढणार नव्हतं. पण पायऱ्या तेराच निघाल्या असत्या तर या मंडळींनी झोप उडाल्याचं पत्र पाठवलं असतं.

पत्रं तशीही येतच. सगळी "आदरणीय मास्तर" अशी सुरू होणारी. एकानं बायकोला वाढदिवसाला सिग्नल दिला होता. बायको आठवडाभर बोलली नाही, पण सिग्नल फार सुंदर आहे, असं त्यानं कळवलं होतं.

साडेतीन वर्षांपूर्वी मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाची बशी वाजू लागली, मग शर्टाची बटणं लागेनात. चार महिने हा माणूस खिडकीसमोर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. जेवणाचं नाव काढलं की "ठेव" म्हणायचा. एकोणीस सिग्नल कबूल केलेले होते. एका दुपारी वहिनींनी खुर्चीवर उशी ठेवली आणि बसल्या. घासायचं, रंगवायचं काम त्याच करत आल्या होत्या. शिडी तेवढी कधी केली नव्हती. पहिल्या चार शिड्या कचऱ्यात गेल्या. पाचवी डब्यात गेली, आणि उत्तर आलं: "मास्तर, तुमचा हात दिवसेंदिवस सुधारतोच आहे!"

मास्तरांनी ते पत्र मोठ्यानं दोनदा वाचलं आणि त्या दिवशी मागून वाढून घेतलं.

तिथेच वहिनी अडकल्या. नवऱ्याला घास जात होता तो त्या पत्रांच्या जिवावर, आणि त्यापायी बायकोला उंबरा ओलांडणं जमेना. दर रविवारी थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन यायचा.

"धाकटे, येतेस कधी?"

"एवढी खेप गेली की निघतेच."

"तुझी खेप म्हणजे मारुतीचं शेपूट झालंय बाई."

गेल्या रविवारी मात्र अक्का हसली नव्हती. पंधरा तारखेला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढचे तीन महिने तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं आणि वहिनींशिवाय तिला होतं तरी कोण? "बघते," एवढंच वहिनी बोलल्या होत्या. फोन ठेवून त्या रडल्या आणि परत खुर्चीवर जाऊन बसल्या.

आज दारात दातांचे डॉक्टर उभे होते. हौशी मंडळाचे तेच कारभारी. त्यांच्या माळ्यावर तीन स्टेशनं आणि एक बोगदा होता. दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघण्यात आयुष्य गेल्यामुळे ते कुठलीही वस्तू वाकूनच बघत. आताही त्यांनी टेबलावरच्या अर्धवट शिडीकडे वाकून बघितलं, मग पलंगावर पडलेल्या उशीकडे बघितलं, आणि सरळ उभे राहिले.

"मास्तर, येत्या बारा तारखेला मंडळाचा मेळावा आहे. तुमचा सत्कार करायचा ठरलंय. आणि सगळ्यांची एकच मागणी आहे, एक शिडी आमच्या डोळ्यांसमोर व्हावी."

ओट्याशी वहिनींच्या हातातली गाळणी कपात पडली.

"येईन की!" मास्तर म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"येईन की? आणि करणार काय तिथे? मी टेबलाखाली बसून हात वर काढू?"

"तोंडातून निघून गेलं गं." मास्तरांनी मान खाली घातली. "हात भाजलाय म्हणू. पट्टी बांध."

एक खोटं निस्तरायला दुसरं. पण दुसरं काही सुचेना. बारा तारखेच्या सकाळी वहिनींनी न भाजलेल्या हाताला मनगटापर्यंत पांढरी पट्टी बांधली. पट्टीच्या आतही बोटं थरथरतच होती.

मेळाव्याचा हॉल म्हणजे एका जुन्या शाळेची व्यायामशाळा. मधोमध टेबलं जोडून मोठं थोरलं मॉडेल मांडलं होतं: डोंगर, पूल, स्टेशन, आणि रुळांच्या कडेनं साठ सिग्नल. त्यातले तेवीस वहिनींचे होते. त्यांना प्रत्येक शिडी ओळखता येत होती. ही केली तेव्हा ताप होता. ही केली त्या दिवशी अक्का पडली होती.

चाळीसेक माणसं मास्तरांभोवती जमली. कोणी पट्टीला हळहळलं, कोणी डाव्या हातातच हात मिळवला. एका टकल्या गृहस्थाचे डोळे भरून आले.

"माझे वडील सिग्नलचे दिवे लावायचे," तो म्हणाला. "अशाच शिडीवरून चढायचे. मी रोज एकदा तुमच्या शिडीकडे बघतो, मास्तर. तुम्ही हे काम सोडू नका."

माणूस भला होता, वहिनींनाही गलबलून आलं. आणि त्याच वेळी वाटलं, दाराला आणखी एक कडी लागली.

भाषण झालं, शाल झाली, टाळ्या झाल्या. मग डॉक्टरांनी व्यासपीठावरच्या टेबलावरचं कापड काढलं. पितळेच्या तारा, चिमटा, भिंग, सगळं मांडून ठेवलेलं होतं. वहिनींनी बघितलं. सोल्डरिंग आयर्न डाव्या बाजूला होतं. आणि खुर्चीवर एक उशी होती.

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "या."

मास्तर उशीकडे बघत राहिले.

"कधीपासून माहीत आहे?" वहिनींनी विचारलं.

"पहिल्या डब्यापासून." डॉक्टरांनी कबूल केलं. "डाख दिला की मोहरीपेक्षा लहान थेंब राहतो. मास्तरांचा नेहमी उजव्या अंगाला असायचा. तीन वर्षांपासून तो डाव्या अंगाला आहे. आम्ही भिंगातून बघतो ना, वहिनी. मग तुम्ही चहाचा कप डाव्या हातानं ठेवलात."

"सगळ्यांना माहीत होतं?"

चाळीस माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

"मास्तरांना वाईट वाटेल, म्हणून कोणी बोललं नाही," टकला गृहस्थ म्हणाला.

"आणि तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून आम्ही बोललो नाही," मास्तर म्हणाले.

वहिनींच्या डोक्यात संताप चढला. तीन वर्षं! घंटा वाजली की धडपडत उठायचं, उशी फेकायची, एकदा तर घाईत आयर्न पोटरीला लागून कातडं सोललं. आणि दाराबाहेर उभा असलेला माणूस, सभ्यपणे, आतली ओढाओढ संपायची वाट बघत होता!

"एकाला तरी तोंड उघडायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. "इथे माणसांचं तोंड उघडायला लावणारा डॉक्टर आहे ना?"

डॉक्टरांनी हात जोडले.

"चुकलंच, वहिनी. पण आता लपवाछपवी संपली. यापुढे डब्यावर तुमचं नाव. मंडळाचं नवं जंक्शन होतंय, त्याला चाळीस सिग्नल लागतील, आणि ते फक्त तुमच्या हातचे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. वहिनींना त्या टाळ्यांत अक्काचा आवाज ऐकू येईना. चाळीस सिग्नल, पाचशेसाठ पायऱ्या. आतापर्यंत मी खोटं बोलून अडकले होते, आता खरं बोलून.

त्या टेबलापाशी गेल्या. खुर्चीवरची उशी उचलून त्यांनी काखेत मारली.

"डॉक्टर, बसा."

"मी?"

"थेंब कुठल्या अंगाला पडलाय हे ज्याला दिसतं, त्याला तो पाडताही येईल. बसा."

डॉक्टर बसले. वहिनींनी भिंग त्यांच्या कपाळावर चढवलं, आणि हातानं सवयीनं आयर्न डावीकडून उचलून उजवीकडे ठेवलं. पहिली पायरी वाकडी बसली. दुसरी निसटून कुठे गेली ती सापडलीच नाही.

मास्तर जवळ सरकले. दातांनी गाठ सोडून त्यांनी पट्टी उलगडायला घेतली. सगळ्यांसमोर तो हात बाहेर आला, थरथरता. त्याच हातानं त्यांनी डॉक्टरांच्या चिमट्याकडे बोट दाखवलं.

"आधी तार तापू द्या. तार तापली की डाख आपण होऊन धावतो. घाबरू नका, हिच्या पहिल्या चार शिड्या कचऱ्यात गेल्या होत्या. माझ्या सात."

मग वहिनींकडे न बघताच म्हणाले, "तू अक्काकडे जा. डॉक्टर रोज येतील शिकायला. येताना माझा जेवणाचा डबाही आणतील."

"आणीन," भिंगाआडून डॉक्टर म्हणाले.

वहिनी शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मांडीवर उशी होती. पुढे चाळीस डोकी टेबलावर वाकली होती आणि मधून मास्तरांचा आवाज येत होता, पूर्वीसारखा, जरा रागावलेला.

मॉडेलच्या स्टेशनात गाडी सुटायची वेळ झाली आणि तिथली इवलीशी घंटा किणकिणली. वहिनींचे गुडघे लगेच उठायला निघाले. उशी खाली पडली.

त्यांनी ती उचलली, झटकली, पाठीशी घेतली आणि टेकून बसल्या.