गॅसवरची चिठ्ठी

बाईंच्या घरात चौदा चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गॅसला हात लावू नका. दार उघडू नका. ओल्या फरशीवर चालू नका. सगळ्या नकाराच्याच, आजारी माणसाला सांभाळणाऱ्याला दिवसभर बोलावं लागतं ते मुख्यतः एवढंच.

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत पोर्तुगीज शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी मेंदूला झटका आला तेव्हा बाकीच्या भाषा निघून गेल्या आणि जिने पोट भरलं तीच तेवढी मुक्कामाला राहिली. बोलायला दिवसाकाठी दोन-चार शब्द. मग त्यांना सांभाळणाऱ्या ताईने बाईंच्याच कपाटातलं व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि भाजी निवडता निवडता शिकायला घेतलं. 'कर' म्हणताना क्रियापदाला एक शेपूट आणि 'करू नको' म्हणताना दुसरंच, हे कळल्यावर तिने दोन दिवस पुस्तक पालथं घालून ठेवलं. शिवाय 'एम' आणि 'उ' हे दोन छोटे शब्द शेजारी आले की दोघांनी मिळून लगेच 'नु' व्हायचं. ताईला नवल वाटलं. तिचं आणि तिच्या सासूचं वीस वर्षांत जे जमलं नव्हतं, ते या दोघांना चिठ्ठीवर बसल्या बसल्या जमत होतं.

पहिली पोर्तुगीज चिठ्ठी तिने गॅसवर लावली. सकाळी बघते तर लाल पेन्सिल फिरलेली. शेपूट बदललेलं, 'एम उ'चा 'नु' केलेला आणि कोपऱ्यात दहापैकी तीन गुण. त्या दिवशी ताईला जेवण गोड लागलं.

बाईंच्या मुलाचा हिशेब साधा होता. आईला काही कळेनासं झालं की वृद्धाश्रम. दर रविवारी आला की तो आधी आईकडे नाही, चिठ्ठ्यांकडे बघायचा. लाल रेघ दिसली की आणखी एक आठवडा.

या रविवारी नव्याने लिहिलेल्या चौदाही चिठ्ठ्यांवर एकही लाल रेघ नव्हती.

"गेल्या खेपेला एकच होती, आज तीही नाही," तो चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "गुरुवारी गाडी बोलावतो, ताई. उगाच ताणण्यात अर्थ नाही."

ताईने सांगून पाहिलं की आता तिच्या चुकाच होत नाहीत, पुस्तक दोनदा संपलंय. तो समजूतदारपणे हसला. सातवीत शाळा सुटलेल्या ताईचं व्याकरण सुधारलं असेल, यापेक्षा आईचं डोकं गेलं हे त्याला पटायला सोपं होतं. स्वतः चिठ्ठी तपासून बघायची तर पंचाईत. आईच्या वर्गात तीन वर्षं बसून तो काठावर पास झाला होता.

ताई पहाटेपासून उभी होती. दोन वेळा चादरी बदलून झाल्या होत्या, कंबर धरली होती. वाद घालायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. तिने कागद घेतला, गॅसचीच चिठ्ठी पुन्हा लिहिली, शेपूट चुकवलं, 'एम' आणि 'उ' वेगळे बसवले आणि कागद बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी चष्मा लावला. वाचलं. पेन्सिल उचलली आणि तशीच हातात धरून बसल्या. चुकांना हात लावला नाही.

"बघितलंत?" मुलगा हळूच म्हणाला.

तेवढ्यात पेन्सिल हलली. खाली एक वाकडीतिकडी ओळ उमटली. मुलाने कागद घेतला, ओठ हलवत वाचला, आणि त्याचे कान लाल झाले.

"काय लिहिलंय?" ताईने विचारलं.

"नाटक करू नकोस. दहा वेळा लिही." त्याने कागद ताईच्या हातात दिला. "मलाही हेच लिहायची."

गुरुवारचं काय, हे त्याने सांगितलं नाही. फोन काढून बाल्कनीत गेला, कुणाला तरी गाडी नको म्हणाला, आणि चप्पल घालताना आईला वाकून नमस्कार करून गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

ताई खुर्ची ओढून बसली. दिवसभरात हे पहिलंच बसणं, आणि तेही शिक्षेचं. पाच ओळी नीट झाल्या. सहावीला डोळे मिटायला लागले आणि शेपूट खरोखरच चुकलं. बाजूने लाल पेन्सिल सरकत आली.