पुसलेला पाला

बलभीमनं तुतीचं पान रेशमाच्या अळीच्या तोंडापुढं धरलं. अळी सरकत आली, पानाच्या कडेला तोंड टेकवलं न टेकवलं आणि बाजूला झाली. त्यानं पान पुन्हा तिच्या पुढ्यात नेलं. ती पुन्हा बाजूला. करंगळीएवढा जीव, पण हट्ट बघा.

"कालपासून असंच करायल्यात," तो म्हणाला.

शेडमधल्या डाव्या रॅकवर सगळ्याच अळ्यांनी उपास धरला होता. उजव्या रॅकवर मात्र पंगत जोरात चालू होती. उजवं रॅक सून वैष्णवीचं, डावं बलभीमचं. गुडघे गेल्यापासून त्याची शेतातली कामं सुटली होती. ओट्यावर नुसतं बसून राहिलेला सासरा बघवेना, म्हणून सुनेनंच यंदाच्या थंडीत त्याला हे रॅक दिलं. तेव्हापासून म्हातारा दिवस उगवायच्या आधी शेडवर हजर. हे काम हातचं गेलं तर पुन्हा ओटा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मामा, शिवपुत्रकाकांनी परवा तुरीवर औषध मारलंय," वैष्णवी म्हणाली. "ही खिडकी त्यांच्याच बांधाकडं हाय. कोष धरायला पाच दिवस राहिलेत. मी जाते अन् बोलते. न्हाय ऐकलं तर अर्ज देते."

पदर खोचून ती निघालीसुद्धा. चाळीस वर्षं बांधाला बांध होता, पण शिवपुत्राशी कधी वाकडा शब्द झाला नव्हता.

तेवढ्यात त्याची बायको दगडाबाई पाल्याची पाटी घेऊन आत आली.

"हे घालून बघा," ती म्हणाली. "आत्ताच सावलीत सुकवलाय."

त्यानं तिच्या पाटीतलं पान डाव्या रॅकवर ठेवलं. त्याच अळीनं तोंड टेकवलं, जरा थांबली आणि कुरतडायला लागली. मग शेजारची. मग तिच्या पलीकडची. बघता बघता अख्खं रॅक खायला लागलं.

बलभीम गुडघे विसरून खाली वाकला. वैष्णवी प्रशिक्षणाहून आली तेव्हा तिनं सांगितलं होतं, अळीच्या तोंडापाशी बारीक केसं असतात, त्यांनी ती पानातला रस पारखते. तुतीचं काय ते तिला कळतं आणि तुतीचं नसलेलंही कळतं. तेव्हा त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्याला मनापासून वाटलं, वा रे पठ्ठे. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी आपल्याला घास तोंडात गेल्यावर समजतं, आणि हे राईएवढं तोंड नुसतं टेकवून निवाडा देतं.

मग त्याच्या डोक्यात आलं, पाला तर शेताच्या एकाच तुकड्यातला. औषध उडून आलं असतं तर दगडाबाईच्या पाटीतही आलं असतं. फरक एवढाच की तिनं दव वाळेपर्यंत पाला पसरून ठेवला होता. आणि त्यानं? ओल्या पाल्यानं अळ्यांचं पोट बिघडतं, म्हणून काल पहाटेपासून तो एकेक पान खांद्यावरच्या पंचानं दोन्ही बाजूंनी पुसत होता. नातवाचं नाकही त्यानं कधी इतक्या मायेनं पुसलं नसेल.

त्यानं पंचा नाकाला लावला. त्याला कसलाच वास आला नाही. दिवसातून दहा वेळा तंबाखू मळून झाली की हात याच पंचाला पुसायचे, हे मात्र आठवलं.

गुडघे धरत तो बाहेर आला. वैष्णवी बांधापर्यंत पोचली होती.

"पोरी, थांब. शिवपुत्राकडं जाऊ नको."

"का?"

"त्याचं काय न्हाय त्यात. म्याच घातलं इख." त्यानं पंचा पुढं केला आणि सगळं सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही. "माझं रॅक दुसऱ्या कुणाला दे."

वैष्णवीनं पंचा नाकाजवळ नेला.

"नुसता पंचा धुऊन भागायचं न्हाय, मामा."

"ठाव हाय." त्यानं खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढून तिच्या हातावर ठेवली. कैक डॉक्टर झाले, देवाच्या शपथा झाल्या, पण ही पुडी त्याच्या खिशातून कधी हलली नव्हती.

"साबण लावून हात घासा," ती म्हणाली. "दुपारचा पाला तुमीच घालायचा."

हौदापाशी दगडाबाई तांब्यानं पाणी घालत होती आणि तो कोपरापर्यंत हात घासत होता. डोळे भरून आले होते, पण बोलण्यात कौतुक मावत नव्हतं.

"काय जीभ म्हणायची गं ही. कणभर लागलं असंल. तरी वळखलं."

"वळखू येतंच," दगडाबाई म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं मला बी वळखू येतंय. अळ्यास्नी न्हाय म्हणता आलं."

तिनं तांब्या पुन्हा भरला. बलभीमनं साबण हातात घेतला आणि या वेळी तोंडालाही लावला.