पाठीचे बंद

बायको गेली त्या दिवशी मास्तर दुकानात तिचाच गाऊन शिवत बसले होते. फोन धाकट्या बहिणीचा होता. एरवी ती बोलायला लागली की थांबता थांबायची नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "दादा, घरी ये." मास्तरांना काय ते कळलं. तरी हातातला बंद त्यांनी पुरता शिवला, दोरा तोडला, मशीन झाकलं आणि मग शटर ओढलं.

बायकोला अर्धांगवायू झाल्यापासून तिचा एक हात वर होत नव्हता. कपडे बदलायचे म्हणजे तिचे हाल आणि बदलणाऱ्याची कसरत. मास्तर जन्मभर लोकांचे कपडे शिवत आलेले. त्यांनी तिचे सगळे गाऊन पाठीत उभे कापले आणि दोन्ही कडांना नाडीसारखे बंद लावले. पुढून हात घालायचे, मागे गाठ मारायची. तीही मधोमध नाही, जरा कुशीकडे, म्हणजे निजल्यावर टोचत नाही.

पण शिवणकाम ते केवढंसं! बाकीचं सगळं बहिणीने केलं. लहानपणी काडीसारखी होती म्हणून तिला चिमणी म्हणायचे. आता ती आत आली की खोली भरून जायची, नाव मात्र तेच राहिलं. आपलं घर लेकासुनेवर टाकून ती इथे येऊन राहिली. वहिनीला भरवणं, अंग पुसणं, या कुशीवरून त्या कुशीवर वळवणं, आणि हे करताना तोंडाचा पट्टा चालूच. वहिनी, उभ्या होतात तेव्हाही मला राबवलंत आणि आता आडव्या होऊनही राबवताय, असं म्हणायची. बायकोला बोलता येत नव्हतं, पण ती अर्ध्या तोंडाने हसायची. त्या घरात तेवढं हसू शेवटपर्यंत टिकलं.

भेटायला येणारे पांगले, तसं बहिणीनेही जायचं काढलं. लेकाचे फोन सुरू झाले होते. मास्तरांच्या मनात आलं, ही निघाली आणि आपण हिला एका शब्दाने काही बोललो नाही. बोलायला जायचे आणि भलतंच काहीतरी विचारून परत फिरायचे. एकदा धीर करून सुरुवात केली, तर चहा गार होतोय म्हणून तिनेच तो विषय उडवून लावला. मग त्यांनी ठरवलं, आपल्याला जे येतं ते करावं. तिचा स्वेटर कोपरांवर विरला होता. मास्तरांनी ठेवणीतलं जाड लोकरी कापड काढलं आणि तिला न सांगता कोट बेतला. माप घ्यायची गरज नव्हती, ते नजरेत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी तो तिच्या अंगावर चढवला. पुढून झोकात बसला. बटणं लावून ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, पाठीला गार लागतंय रे."

मास्तरांनी मागून पाहिलं. पाठीचे दोन भाग जोडलेच नव्हते. उलट दोन्ही कडा नीट मुडपून त्यांना बंद लावले होते. हातांना वळण पडलेलं, हातांनी आपलं तेच केलं.

बहीण हसत सुटली. "मला आत्ताच अंथरुणाला खिळवतोस होय? थांब की जरा, अजून सुनेशी भांडायचंय मला."

मास्तरही ओशाळून हसले. ते बंद उसवायला पुढे झाले, आणि हातांनी गाठ मारली. कुशीकडे. बहिणीचं हसू थांबलं. ती गाठ तिनेही रोज मारली होती.

ती पाठमोरी होती म्हणून असेल, पण मास्तरांना बोलता आलं.

"इतकी पडून होती, पण तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. ते तुझ्यामुळे, चिमणे."

बहीण न वळताच तळहाताने डोळे पुसून म्हणाली, "पाठ जोडून ठेव. पुढच्या खेपेला नेईन. आणि वेळेवर जेवत जा."

ती जुन्याच स्वेटरवर गेली. मास्तर तिला गाडीत बसवून आले. आता दुकान रोज उघडतं, गिऱ्हाइकांचे कपडे ठरल्या दिवशी मिळतात. कोट मशीनच्या वरच्या खुंटीला आहे. त्याचे बंद काढायचे आणि पाठ जोडायची अजून राहिली आहे.